मुखदुर्गंधीवरचा आरोग्य पानाचा मजकूर: काय ठेवावं, काय काढावं?

पुरवणी_डेस्क
नमस्कार. जिल्हा आवृत्तीच्या पुरवणीत तोंडाच्या वासावर अर्ध्या पानाचा लेख जायचा आहे. एजन्सीच्या कॉपीत मूळ कारण ‘पोट साफ नसणे’ दिलंय. उपायांत लवंग, वेलची, बडीशेप आणि शेवटी एका माउथवॉशचं नाव आहे. मथळा ‘सात दिवसांत दुर्गंधी गायब’. यातलं काय चालेल?

दंतवैद्य_सातारा
पोट पहिल्या परिच्छेदातून काढाच. दहातल्या आठ-नऊ जणांत वासाचं मूळ तोंडातच असतं: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, दातांच्या फटीत अडकलेलं अन्न, किडलेला दात, नीट न बसलेली कॅप. प्राणवायू न पोचणाऱ्या या जागांतले जिवाणू प्रथिनं फोडतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे गंधकाचे वायू सुटतात. त्यानंतर टॉन्सिल आणि सायनस. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातला वास सतत वर येत नाही. पोटावर बोट ठेवलं की वाचक चूर्ण घेत बसतो आणि हिरड्यांचा आजार आत वाढत राहतो.

उपाय मोजमापासकट छापा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश. रात्री फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) किंवा फटींचा छोटा ब्रश. टंग क्लीनर मागून पुढे चार-पाच वेळा, हलक्या हाताने. हिरडीतून रक्त आलं की लोक नेमकी तीच जागा घासायचं सोडतात, तिथे कीट साचतं आणि वास वाढतो. हे वाक्य चौकटीत घ्या, बाकी काही कापावं लागलं तरी चालेल.

‘माउथवॉश वापरा’ एवढं पुरेसं नाही. त्यात क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक ०.२ टक्के असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, पेस्टनंतर अर्ध्या तासाने. दंतवैद्याने सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपलीकडे नको: दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. लवंग-वेलची वास थोडा वेळ झाकते, तसंच लिहा. आणि मिश्रीचा उल्लेख टाळू नका. दात स्वच्छ होतात म्हणून ती लावणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि ती तंबाखूच आहे.

बातमीची_छाननी
माउथवॉशच्या नावाबद्दल. पैसे घेऊन छापत असाल तर वर ठळक ‘जाहिरात’ हवं, नसाल तर नाव कशाला? या विषयात जाहिरातीने बातमीची जागा घेण्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात लिस्टरिन या माउथवॉशच्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा मुखदुर्गंधीसाठीचा वैद्यकीय शब्द घराघरांत नेला, तोही लग्न जमणार नाही अशी भीती घालून. हेच उत्पादन सर्दी-घसादुखीवर गुणकारी असल्याचा दावा पुढे दशकानुदशकं चालला. १९७५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) कंपनीला तो दावा खोडणारा मजकूर स्वतःच्या जाहिरातींत छापायला लावला. आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०२२ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

‘संशोधनात सिद्ध’ असं प्रेसनोटमध्ये आलं की विचारा: माणसं किती, तुलनेचा गट होता का, पैसे कोणाचे, आणि वास मोजला कसा? प्रशिक्षित परीक्षकाने नाकाने ० ते ५ गुण दिले की यंत्राने? चूळ भरल्यावर दोन तासांनी मोजलेला वास कमी भरला, याला बरं होणं म्हणत नाहीत.

फोटोत नाक दाबणारी माणसं नकोत. वास नसतानाही तो येतोय या धास्तीने माणसांत मिसळणं सोडणारे लोक असतात, त्यांची धास्ती अशा चित्रांनी वाढते.

पुरवणी_डेस्क
मथळा बदलला: ‘तोंडाचा वास: आधी जीभ आणि हिरड्या तपासा’. सुरुवात अशी: ‘सकाळी उठल्यावर तोंडाला येणारा वास हा आजाराचा भाग आहे…’

दंतवैद्य_सातारा
मथळा चांगला. सुरुवात उलटी झालीय. झोपेत लाळ कमी होते म्हणून तो वास येतो, आणि चूळ, ब्रश, नाश्ता झाल्यावर बहुतेकांचा जातो. ‘दिवसभर टिकला, किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दंतवैद्याला दाखवा’ असं करा.