प्रोजेक्टरसाठी लांब एचडीएमआय केबल : तांब्याची की फायबरची? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-५०२ : नमस्कार मंडळी. हॉलचं पीओपी चालू आहे. प्रोजेक्टर मागे सीलिंगला लागणार, रॅक समोरच्या भिंतीशी. हॉल ११ बाय १८ फूट. दुकानदार १५ मीटरची केबल देतोय, पॅकेटवर "४के, २.१" छापलंय. घेऊन टाकू का? पीओपीवाला गुरुवारी सीलिंग बंद करणार आहे.

डी-११०४ ताई : घेऊ नका अजून. आधी हे सांगा, प्रोजेक्टर खरोखर ४के आहे की "४के सपोर्ट"वाला? स्पेसिफिकेशनमध्ये "नेटिव्ह रिझोल्यूशन" असं लिहिलेलं असतं ते बघा. आणि गेमिंग कन्सोल जोडणार का?

बी-५०२ : नेटिव्ह ३८४० बाय २१६० लिहिलंय. कन्सोल नाही. सेट टॉप बॉक्स, ४के स्ट्रीमिंग बॉक्स, पुढे एव्हीआर (सगळी उपकरणं जोडून स्पीकर चालवणारा रिसीव्हर) आणि ५.१ स्पीकर.

डी-११०४ ताई : मग हिशेब सोपा आहे. सेट टॉप बॉक्सच्या १०८०आय चॅनेलला जेमतेम २.२ जीबीपीएस (सेकंदाला अब्ज बिट) लागतात. १०८०पी ६० फ्रेमला ४.४६. ४के सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असेल तर ८.९१. पण बॉक्स ४के ६० फ्रेम एचडीआरवर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) सेट असेल तर १७.८२. म्हणजे तुम्हाला १८ जीबीपीएस नेणारी केबल हवी. ४८ वाली लागते ती ४के १२० फ्रेमच्या गेमिंगला आणि ८केला. ते तुमच्याकडे नाही, तर त्याचे पैसे भरू नका.

आता लांबी. साध्या तांब्याच्या केबलमधून १८ जीबीपीएस ५ मीटरपर्यंत बिनघोर जातं. चांगली जाड केबल असेल तर ७ पर्यंत. त्यापुढे नशिबाचा खेळ. ४८ जीबीपीएसला तर ३ मीटरनंतरच धाकधूक सुरू होते, ५ म्हणजे डोक्यावरून पाणी.

ए-१०१ काका : लांबी मोजताना बहुतेक जण रॅक ते प्रोजेक्टर सरळ रेषा मोजतात. केबल उडत जात नाही. रॅकपासून सीलिंगपर्यंत वर २.२५ मी., कोपऱ्यातून मध्यावर यायला १.६, मागे जायला साधारण ४.२, प्रोजेक्टरचा रॉड ०.३. रॅकमागे १ मीटर मोकळी ठेवायची, नाहीतर एव्हीआर पुढे ओढून साफही करता येणार नाही. प्रोजेक्टरकडे अर्धा मीटर. झाले ९.८५. १० मीटरची केबल अगदी ताणून बसेल. १२ घ्या, १२ नाही मिळाली तर १५.

बी-५०२ : म्हणजे तांब्याची बादच?

डी-११०४ ताई : ४के ६० साठी बाद, फायबरची घ्या. कारण सांगते. १८ जीबीपीएस तीन जोड्यांत विभागून जातात, प्रत्येकी ६. फ्रीक्वेन्सी जितकी वर, तितका प्रवाह तारेच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतो आणि इन्सुलेशनमध्येही सिग्नल जिरतो. लांबी वाढली की पलीकडचा रिसीव्हर ० आणि १ वेगळे ओळखू शकत नाही. तार जाड केली तर थोडं सावरतं, पण मग केबल बोटाएवढी जाड आणि ताठ होते. प्रोजेक्टरच्या पोर्टवर तिचं वजन लोंबकळतं आणि काही महिन्यांत पोर्ट सैल.

सी-३०४ : तांब्याच्या बाजूने एक शब्द. प्रोजेक्टर १०८०पी असता तर १० मीटरला २४ एडब्ल्यूजीची साधी केबल मजेत चालली असती. फायबरची गरजच नव्हती. ग्रुपवर वाचून उद्या सगळेच फायबर घेत सुटतील म्हणून सांगतोय.

डी-११०४ ताई : बरोबर. आणि एडब्ल्यूजीचा आकडा जितका कमी, तितकी तार जाड. २८ किंवा ३० ची १० मीटर केबल १०८०पीलाही घेऊ नका.

बी-५०२ : फायबर म्हणजे नेमकं काय मागायचं दुकानात?

डी-११०४ ताई : "ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय" म्हणा, एओसी म्हटलं तरी कळतं. आत चार बारीक फायबर असतात, चित्र त्यातून जातं. दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये छोटी चिप असते, ती विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करते. स्क्रीनची ओळख, रिमोटचे संदेश वगैरे हळू कामं बारीक तांब्याच्या तारांतून. चिपला वीज एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या पिनमधून मिळते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तिला दिशा असते. एका टोकावर "सोर्स", दुसऱ्यावर "डिस्प्ले" लिहिलेलं असतं. उलटी टाकली तर काहीच दिसत नाही, आणि सीलिंग बंद झालं असेल तर बसा डोकं धरून.

दोन, ५ व्होल्ट अशक्त असेल तर ती मधूनच झोपते. टीव्हीत खोचायच्या स्ट्रीमिंग स्टिकची हीच अडचण. तिचं टोक आधीच नर, त्यामुळे मध्ये कपलर लावावा लागतो, त्यात वीजही काठावर. तुमचा बॉक्स एव्हीआरमार्गे जाणार म्हणजे प्रश्न नाही. तरी ज्या केबलला जादा विजेसाठी यूएसबीची छोटी शेपटी असते ती मिळाली तर बरी.

तीन, घट्ट वळवायची नाही. झिप टाय करकचून आवळायचा नाही, वेल्क्रोची पट्टी वापरा. जास्तीची २–३ मीटर उरली तर मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवा. फायबरला लांबी जास्त झाली म्हणून चित्र खराब होत नाही.

ए-६०३ सेक्रेटरी : मध्येच टाकतोय, माफ करा. उद्या टाकी धुणार, सकाळी ७ ते ९ पाणी बंद. आणि बी-५०२, ड्रिल दुपारी २ ते ४ बंद ठेवा, पाचव्या मजल्यावर लहान बाळ आहे.

बी-५०२ : हो साहेब, सांगतो मिस्त्रीला. ताई, पॅकेटवर "२.१" छापलंय त्याचं काय?

डी-११०४ ताई : काही नाही. १.४, २.०, २.१ हे आकडे उपकरणांच्या स्पेसिफिकेशनचे आहेत, २.१ हे २०१७ चं. केबलची वर्गवारी नावाने होते : नुसती हाय स्पीड; तिच्या वर प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. खऱ्या प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या पॅकेटवर क्यूआर कोडचं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपमधून दुकानातच स्कॅन करा. नुसता "४के" शब्द कोणीही छापतो. सोन्याचा मुलामा, "रंग जास्त खुलतात" वगैरे सोडून द्या. सिग्नल पोचला की पोचला, केबल बदलून लाल रंग अधिक लाल होत नाही.

ए-१०१ काका : माझं म्हणणं केबलपेक्षा पाइपाबद्दल आहे. केबल पाच-सात वर्षांत बदलावीच लागेल, सीलिंग बदलणार नाही. मिस्त्री सवयीने २५ मि.मी.चा पाइप टाकेल. एचडीएमआयचा प्लग साधारण २० मि.मी. रुंद असतो. सरळ पाइपात कसाबसा जातो, वळणात अडकलाच. ४० मि.मी.चा टाका. कोपऱ्यावर एल्बो (काटकोनी सांधा) नको, मोठ्या त्रिज्येचा बेंड लावा. एका ओढीत दोनापेक्षा जास्त वळणं नकोत, लागलीच तर मध्ये डबा ठेवा आणि त्याला सीलिंगमध्ये उघडता येणारं झाकण द्या.

ओढताना प्लगला धरून ओढायचं नाही. ओढदोरी केबलच्या अंगाला एक फूट टेपने बांधा, दोरीचा जोर सालीवर पडला पाहिजे. पाइपात थोडी शंखजिऱ्याची पावडर. एक जण ढकलणार, एक ओढणार, दोघं बोलत राहिले पाहिजेत. केबलसोबत एक रिकामी नायलॉनची दोरी आतच सोडून द्या, पुढच्या वेळेसाठी.

आणि २३० व्होल्टची वायर त्याच पाइपात अजिबात नाही. "फायबर आहे, डिस्टर्बन्स येत नाही" असं मिस्त्री म्हणेल. प्रश्न सुरक्षेचा आहे, त्या केबलमध्ये तांबंही आहे. प्रोजेक्टरच्या प्लग पॉइंटला वेगळा पाइप. एकमेकांना ओलांडायचेच असतील तर काटकोनात.

सी-३०४ : स्ट्रीमिंग बॉक्सच प्रोजेक्टरशेजारी लावला तर? लांब केबलच नको.

डी-११०४ ताई : चित्रापुरतं चालेल. पण मग आवाज मागून पुढे आणायचा, एव्हीआर समोर आहे. तेव्हा ईएआरसीसाठी (एचडीएमआयमधून आवाज उलट दिशेने एव्हीआरकडे आणण्याची सोय) लांब केबल लागतेच, आणि सगळ्या फायबर केबल ईएआरसी चालवत नाहीत. शिवाय सेट टॉप बॉक्स समोरच राहणार. सगळं एव्हीआरमध्ये आणि तिथून एकच केबल प्रोजेक्टरला, हा मार्ग सरळ. फक्त एव्हीआरच्या त्या पोर्टवर ४के ६० एचडीआर जातं का आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) आहे का, हे खरेदीआधी बघा. जुन्या एव्हीआरमुळे अडलं तरी लोक केबललाच शिव्या घालतात.

सी-३०४ : साउंडबार असलेल्यांनी ही जागा नीट वाचा. ज्याला फक्त ईएआरसी पोर्ट आहे, इनपुट नाही, त्याला प्रोजेक्टरपर्यंत दोन लांब केबल लागतात, एक जाणारी आणि एक येणारी. त्यापेक्षा रॅकमध्येच आवाज वेगळा काढणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर लावा.

बी-५०२ : कॅट ६ (नेटवर्कची केबल) वरून एचडीएमआय नेणारे डबे मिळतात, ते?

डी-११०४ ताई : स्वस्त डबे बहुतेक १०८०पीचे, किंवा चित्र दाबून पाठवणारे. एचडीबेसटी ३.० (कॅट केबलवरून चित्र नेण्याचं तंत्र) वाले ४के ६० न दाबता नेतात, १०० मीटरपर्यंत, पण १२ मीटरसाठी तेवढा खर्च कशाला? कॅट ६ मात्र त्याच ४० च्या पाइपात टाकून ठेवा, प्रोजेक्टरला इंटरनेटला कामी येईल. शुद्ध तांब्याची मागा, "सीसीए" म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वायरलेसवाल्यांच्या नादी लागू नका.

बी-५०२ : उद्या केबल आणतो. सीलिंग बंद व्हायच्या आधी काय काय तपासू?

डी-११०४ ताई : आधी केबल जमिनीवर पसरून तपासा, मग पाइपात घालून पुन्हा. बॉक्सचं आउटपुट ४के ६० एचडीआरवर पक्कं करा, ऑटोवर नको, ऑटो गुपचूप खाली उतरतो आणि तुम्हाला वाटतं सगळं छान आहे. प्रोजेक्टरच्या मेनूत त्या पोर्टला "एन्हान्स्ड" किंवा तत्सम पर्याय असतो, तो चालू करा. सलग दोन तास चालवा. मग २४ आणि ६० फ्रेममध्ये आठ-दहा वेळा अदलाबदल करा. बदलताना दोन-तीन सेकंद काळं होणं नेहमीचं. पण चालू चित्रात पांढरे ठिपके चमकले, किंवा मधूनच स्क्रीन काळी होऊन परत आली, तर केबल काठावर आहे, परत करा. "आत्ता चालतंय ना" म्हणून ठेवून घेऊ नका, उन्हाळ्यात सीलिंगच्या पोकळीत तापली की बंद पडेल. काहीच दिसलं नाही तर आधी दिशा बघा, मग यूएसबीची शेपटी.

ए-१०१ काका : आणि डिशची केबल रॅकमध्ये येते ना? जोडाजोड करताना सगळं मेनपासून बंद ठेवा. अर्थिंगमध्ये फरक असेल तर चालू उपकरणात एचडीएमआय खोचताना पोर्ट जळतो. पावसाळ्यात विजा चमकत असताना डिशची वायर आणि मेन प्लग दोन्ही काढा, वीज डिशवरून आत येते आणि पहिला बळी एचडीएमआयच्या पोर्टचा जातो.

बी-५०२ : ४० चा पाइप, मोठे बेंड, १२ किंवा १५ मीटरची एओसी १८ जीबीपीएस, कॅट ६ शुद्ध तांबं, दोरी आत. बरोबर?

डी-११०४ ताई : हो. आणि पाइप बसला की "सोर्स" टोक रॅककडे आहे याचा फोटो काढून ठेवा, मिस्त्रीलाही दाखवा.

ए-१०१ काका : पाइपाची दोन्ही तोंडं टेपने बंद करायला सांगा. पीओपीचा गारा आत गेला तर केबल काय, दोरीही जाणार नाही.