उंचीपेक्षा पाऊस आणि वारूळ बघा
‘जितकं उंच जावं तितकी अळंबी जास्त’ असं पुण्याजवळच्या रानअळंबीच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते हिमालयातल्या गुच्छी या अळंबीपुरतं ठीक आहे. ती थंड हवेत, बर्फ वितळल्यावर उगवते. आपल्याकडे कळसूबाईच मुळी १६४६ मीटर, त्यामुळे उंचीने तापमानात हिमालयाइतका फरक पडत नाही. खरा फरक घाटमाथ्याच्या पावसाचा. पुण्यात वर्षाला जेमतेम ७००-७५० मिमी पडतो, ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. म्हणून कोथरूडच्या टेकडीवर चार दिवस उघडीप झाली की सगळं वाळतं, तिकडे मात्र कुजलेली लाकडं महिनोन्महिने भिजलेली राहतात.

आणि एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही: वारुळावरची अळंबी. हिची बुरशी वाळवीच वारुळात पोसते, बारा महिने. पाऊस जमिनीत मुरला की छत्र्या वर येतात आणि दोन-तीन दिवसांत सडतात. मुळशीकडे आमच्या मामांची वारुळं ठरलेली आहेत, पत्ता मलाही सांगत नाहीत! सोसायटीच्या लॉनवर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या मात्र तोडू नका. त्यात खालच्या पात्या पुढे हिरवट होणारी एक विषारी जात असते, आणि कोवळी असताना ती अगदी निरागस दिसते.