महिरपीची पट्टी परत फुटली (सोसायटीचा गणपती ग्रुप)

वहिनी (ए-३०२): आत्ता गच्चीवर जाऊन आले. महिरपीची पट्टी परत फुटलीय. ही तिसरी! दोन रात्री बसून रंगवली होती मी. खिळे कोणी मारले?

दादा (बी-१०४): मीच मारले वहिनी, सॉरी. सुताराची एफ-३० गन होती, कंप्रेसरच्या हवेवर खिळे मारणारी. टोकापासून बोटभर आत मारला तरी चिरली.

नाना (ए-४०३): दुपारी २ ते ४ कंप्रेसर नको.

आप्पा (सी-४०१): एफ-३० म्हणजे १८ गेज. खिळा जवळजवळ सव्वा मिमी जाड. पट्टी ६ मिमीची, अरुंद, खणखणीत वाळलेली. चिरणारच. इथे २३ गेजची पिन गन हवी. गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. ही पिन जेमतेम ०.६ मिमी, डोकंच नाही. मारल्यावर भोक शोधावं लागतं.

खजिनदार: म्हणजे अजून एक मशीन? गेल्या वर्षीच्या ड्रिलचं बिल अजून माझ्याकडे आलेलं नाही.

दादा: दिलंय साहेब. दाराखालून सरकवलं होतं.

खजिनदार: दाराखालून सरकवलं म्हणजे दिलं होत नाही. हातात द्यायचं असतं.

काकू (बी-२०२): थर्माकोल होता तेव्हा अर्ध्या तासात मखर उभं राहायचं.

सेक्रेटरी: काकू, २०१८ पासून बंदी आहे. म्हणून तर लाकडी केलं, दरवर्षी तेच वापरता यावं.

काकू: ठाऊक आहे हो. आठवण काढायलाही दंड आहे का? 😄

नाना: दुपारी २ ते ४ कंप्रेसर नको. सकाळीही लिहिलं होतं.

दादा: आप्पा, बिनडोक्याची पिन पट्टी धरेल का? मखर जिन्यातून खाली न्यायचंय.

आप्पा: एकटी नाही धरणार. धरतं ते फेव्हिकॉल. ते सुकेपर्यंत पट्टी सरकू नये एवढंच पिनेचं काम. महिरपीच्या वळणावर क्लॅम्प बसत नाही, म्हणून पिन.

बी-३०१: बॅटरीवाली घ्या ना! कंप्रेसरची कटकटच मिटली.

आप्पा: चांगली असते, पण हाताला जड आणि बरीच महाग. आपण वापरणार वर्षातून पंधरा दिवस. माझा २४ लिटरचा कंप्रेसर आहेच, नुसती हवेची गन घेऊ. १० ते ३० मिमीच्या पिना चालणारी. पिना संपल्या की आपोआप अडणारी मिळाली तर फार छान, नाहीतर रिकामी गन पट्टीवर नुसते वण उठवते.

खजिनदार: मग ३० च्याच पिना आणा. एकच डबा, एकच बिल.

आप्पा: साहेब, ६ ची पट्टी, मागे १२ चा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड), झाले १८. ३० ची पिन मागून १२ मिमी बाहेर येईल. तिथे पोरं पडद्याशी खेळत असतात. १५ ची आणा. आणि दादा, पट्टी धरलेलं बोट पिनेच्या लांबीपेक्षा लांब ठेव. गाठ लागली की पिन आतल्या आत वळून बाजूने निघते. माझ्या तर्जनीत शिरली होती. रक्ताचा थेंब नाही, पण पकडीने ओढून काढावी लागली. गॉगल लावल्याशिवाय गनला हात लावायचा नाही.

सेक्रेटरी: पिना पावसाळ्यात गंजतात का?

आप्पा: गंजतात. डबा घट्ट बंद ठेवायचा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणीही रोज काम झालं की सोडायचं.

नाना: दुपारी २ ते ४ कंप्रेसर नको!!

बी-३०१: नाना, गणपतीचं काम आहे, चार दिवस सांभाळून घ्या की.

नाना: हिचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. रात्रभर ठणकतं. दुपारी जरा डोळा लागतो. कंप्रेसर बरोबर आमच्या बेडरूमवर आहे.

बी-३०१: 🚫 हा मेसेज हटवण्यात आला

सेक्रेटरी: नाना, हे आधी सांगायचं ना.

नाना: तीनदा सांगितलं.

आप्पा: नाना, चुकलं आमचं. पिन गनला हवा फार थोडी लागते. पावणेदोनला टाकी भरतो आणि मोटर बंद करतो. भरलेल्या हवेवर जेवढं होईल तेवढं, संपली की चारपर्यंत थांबायचं. कंप्रेसर आजच सी विंगच्या टोकाला नेतो, पिनाही तिकडेच मारू.

नाना: चालेल.

खजिनदार: गन घ्या. बिल हातात द्या.

वहिनी: चौथी पट्टी शनिवारपर्यंत रंगवते. आप्पा, ती तुम्हीच ठोका. नाना, तुमच्याकडच्या काकूंना जेवणात काय चालतं?

नाना: मऊ भात चालतो. तिखट नको.