खुला, फस्ख आणि आखातातला नवरा

मुस्लिम बायका क्षुल्लक भांडणांवरून दारुल कझाकडे, म्हणजे काझीच्या शरियत न्यायपीठाकडे, धाव घेतात, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर नवरा आखातात आणि बायको गावात, ही रचना जुनीच आहे. त्यामुळे पैसे येणे थांबले आणि फोनही लागेनासा झाला, की ती स्त्री ना नांदती ना मोकळी अशी लटकत राहते. खुल्यासाठी, म्हणजे बायकोने मागून घेतलेल्या घटस्फोटासाठी, तिने मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) सोडायची तयारी दाखवली, तरी रूढ पद्धतीत नवऱ्याची संमती लागते, आणि नेमका तोच सापडत नसतो. म्हणून काझीकडे फस्ख, म्हणजे निकाह रद्द करणे, मागितले जाते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या त्या नावाच्या परंपरेचे, आहेत, आणि त्या मतात खर्च देण्यास असमर्थ ठरलेल्या नवऱ्यापासून अशी सुटका मिळू शकते. हनफी या दुसऱ्या परंपरेच्या मतात ही वाट जवळपास बंद होती. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्याच अडचणीतून आला. ४ वर्षे बेपत्ता असणे, २ वर्षे पोटगी न देणे आणि क्रूरता ही त्यातली कारणे आहेत. मात्र दारुल कझासारख्या पीठांच्या निर्णयांना कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा पुढे पासपोर्ट किंवा मालमत्तेसाठी कागद लागणार असेल, तर कोर्टाची पायरी टाळू नये, असे मला वाटते.