रेडिओ स्रोतांच्या सूचीवरून आकाशाचा व्याप्ती-नकाशा: 'पिक्सफूट'चा नकाशा जवळजवळ रिकामा का येतो?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, पुणे)

नमस्कार. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून १५० मेगाहर्ट्झला झालेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाची २०१७ साली प्रसिद्ध झालेली स्रोतसूची मी प्रकल्पासाठी वापरत आहे. सूचीत सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोत आहेत आणि सर्वेक्षणाने ३६,९०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा जवळपास ९० टक्के भाग व्यापला आहे. माझ्याकडे ३१२ दीर्घिकासमूहांची वेगळी यादी असून त्यांपैकी कोणते समूह या सर्वेक्षणाच्या हद्दीत येतात, एवढेच मला ठरवायचे आहे.

त्यासाठी स्टिल्ट्स या खगोलीय तक्ते हाताळणाऱ्या आज्ञावलीतील 'पिक्सफूट' ही आज्ञा वापरून मी सूचीचा एमओसी नकाशा (आकाशाचा कोणता भाग व्यापला आहे हे पिक्सेलांच्या यादीने सांगणारा नकाशा) तयार केला. विषुवांश आणि क्रांती (आकाशातील रेखांश आणि अक्षांश) यांचे स्तंभ दिले, ऑर्डर (पिक्सेलांच्या बारीकपणाची पायरी) १३ ठेवला, रेडियस (प्रत्येक स्रोताभोवती भरायच्या वर्तुळाची त्रिज्या) ० ठेवला आणि आउटपुट फिट्स या खगोलीय फाइल-स्वरूपात घेतले. (आज्ञांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये दिली होती.) आज्ञा निमूटपणे पूर्ण झाली, परंतु नकाशा अलॅडिन या आकाशदर्शक आज्ञावलीत उघडल्यावर काळ्या फरशीवर खसखस सांडावी तसे ठिपके दिसले आणि व्याप्ती ०.०८ टक्क्यांच्या आसपास निघाली. ३१२ पैकी एकही समूह 'आत' नाही. माझे नेमके काय चुकत आहे?

उत्तर १

सर्वप्रथम एककांची खात्री करून घ्यावी. पिक्सफूटला दोन्ही निर्देशांक अंशांतच लागतात. मी एकदा विषुवांशाचा स्तंभ तासांत आहे हे न पाहता तसाच दिला होता, तेव्हा सगळे आकाश ० ते २४ अंशांच्या एका फाकेत कोंबले गेले. आज्ञेने तक्रार करण्याचे कारणही नव्हते, कारण तिच्या दृष्टीने १७.५ हा निर्दोष अंश होता. स्तंभ तास-मिनिटे-सेकंद अशा मजकुराच्या रूपात असेल, तर 'एचएमएस-टू-डिग्रीज' हे फंक्शन विषुवांशाच्या जागी थेट लिहिता येते. निर्देशांक दीर्घिकीय (आकाशगंगेच्या प्रतलावरून मोजलेले) असतील तर ते आधी 'ॲड-स्काय-कोऑर्ड्स'ने आयसीआरएस या विषुवांश-क्रांतीच्या प्रमाण पद्धतीत आणावेत, कारण एमओसी नकाशा त्याच पद्धतीत असावा लागतो.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. स्टिल्ट्सच्याच 'टीपाइप' आज्ञेच्या स्टॅट्स (स्तंभांची आकडेवारी देणाऱ्या) मोडमध्ये तपासले. विषुवांश शून्यापासून ३६० च्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि क्रांती उणे ५३ च्या आसपास सुरू होते, तेव्हा एककांची चूक दिसत नाही.

उत्तर २

आज्ञेत चूक नाही. आपण तिला जे विचारले त्याचेच उत्तर तिने दिले आहे, फक्त प्रश्न वेगळा होता.

हीलपिक्स पद्धतीत आकाशाचे आधी १२ समक्षेत्र तुकडे होतात आणि ऑर्डर एकाने वाढला की प्रत्येक तुकड्याचे चार होतात. त्यामुळे ऑर्डर १३ ला सुमारे ८०.५ कोटी पिक्सेल होतात आणि प्रत्येकाची बाजू साधारण २६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते. रेडियस शून्य असल्यावर प्रत्येक स्रोत ज्या पिक्सेलमध्ये पडतो तेवढाच पिक्सेल भरला जातो. ६.२ लाखांना ८०.५ कोटींनी भागून पाहावे, आपले ०.०८ टक्के तिथेच सापडतील. हा नकाशा 'स्रोत कुठे सापडले' हे सांगतो, आणि आपल्याला हवे आहे ते 'कुठे पाहिले गेले'. रात्री पर्वतीवर उभे राहून पेटलेल्या दिव्यांवरून महापालिकेची हद्द आखण्यासारखा हा प्रकार आहे. अंधारात वस्ती नाही, की तिकडे आपली नजरच पोहोचत नाही, हे दिवे सांगत नाहीत.

सूचीशिवाय दुसरे काही हाताशी नसेल, तर ऑर्डर स्रोतांच्या घनतेवरून ठरवावा. ६.२ लाख स्रोत ३६,९०० चौरस अंशांत म्हणजे चौरस अंशाला सरासरी १६.८. ऑर्डर ८ चा पिक्सेल ०.०५२ चौरस अंशांचा असतो, त्यात सरासरी एकही स्रोत येत नाही, तेव्हा तो बाद. ऑर्डर ७ ला सरासरी ३.५ येते आणि ती पुरेशी वाटते, पण इथेच फसगत होते: यादृच्छिक विखुरलेल्या गोष्टींच्या संख्येला लागू होणाऱ्या प्वासाँच्या नियमाप्रमाणे सुमारे ३ टक्के पिक्सेल निव्वळ योगायोगाने रिकामे राहतात, आणि हद्दीतल्या पावणेदोन लाख पिक्सेलांपैकी ३ टक्के म्हणजे पाच हजारांहून अधिक खोटी भोके. ऑर्डर ६ ला मात्र सरासरी १४ स्रोत येतात आणि योगायोगाने रिकामा पिक्सेल सापडण्याची शक्यता संपूर्ण सर्वेक्षणात मिळूनही नगण्य ठरते. म्हणून या सूचीसाठी ऑर्डर ६, रेडियस ०.

हा हिशेब स्रोत एकसारखे विखुरलेले आहेत असे धरून केलेला आहे. हंस तारकासमूहातील सिग्नस ए किंवा शर्मिष्ठेतील कॅसिओपिया ए यांसारख्या अतितेजस्वी स्रोतांभोवती गोंगाट वाढतो आणि क्षीण स्रोत सूचीत येतच नाहीत. अशा जागा पाहायच्या असतील, तर त्याच ऑर्डरला 'टीस्कायमॅप' चालवून प्रत्येक पिक्सेलमधील संख्या काढावी. सरासरी १४ असताना दोन किंवा तीन स्रोत आले, तर तो पिक्सेल हद्दीत असला तरी भरवशाचा समजू नये.

उत्तर ३

वरील उत्तर पटते, परंतु ऑर्डर ६ चा पिक्सेल जवळपास ५५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो आणि कडेवरच्या पिक्सेलमध्ये एक स्रोत असला तरी तो पूर्ण भरला जातो, त्यामुळे हद्द बाहेरच्या बाजूस सुजते. काही जण यावर उपाय म्हणून ऑर्डर मोठा ठेवून प्रत्येक स्रोताला अर्ध्या अंशाचा रेडियस देतात. भोके बुजतात हे खरे, पण सूज जात नाही. एकट्या उणे ५३ अंशांच्या कडेची लांबी सुमारे २१७ अंश आहे, म्हणजे अर्ध्या अंशाच्या सुजेने शंभराहून अधिक चौरस अंश फुकट पदरात पडतात. शिवाय खऱ्या भोकांच्या कडाही तेवढ्याच आत सरकतात. या सूचीत असे एक खरे भोक आहे: साधारण ६.५ ते ९.५ तास विषुवांश आणि २५ ते ३९ अंश क्रांती यांदरम्यानचा आकाशाचा तुकडा आयनमंडलाच्या उपद्रवामुळे २०१७ च्या प्रकाशनात घेतलेला नाही.

पॉइंटिंगच्या केंद्रांचा (सर्वेक्षणात दुर्बीण जिकडे जिकडे रोखली त्या दिशांचा) तक्ता मिळाला, तर स्रोतसूची बाजूला ठेवून तोच पिक्सफूटला द्यावा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाच्या बीमची (एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्राची) अर्धशक्ती-रुंदी, म्हणजे संवेदनशीलता निम्म्यावर येते तिथवरची रुंदी, १५० मेगाहर्ट्झला सुमारे १८६ कला आहे, म्हणून रेडियस तिच्या निम्मा, १.५५ अंश द्यावा. ऑर्डर १० पुरेसा होतो, तिथे पिक्सेल साडेतीन कलांचा असतो. १३ चा आग्रह धरल्यास एकेका वर्तुळात दीड लाखाच्या आसपास पिक्सेल मोजावे लागतात आणि त्यातून पदरात काही पडत नाही, कारण बीमची कड मुळातच इतकी धारदार नसते. फाइल मोठी होण्याची भीती नसावी. चारही भावंडे भरली की एमओसी त्यांच्या जागी एकच मोठा पिक्सेल लिहितो, आणि बारीक पिक्सेल फक्त काठावर उरतात.

समूहांची यादी गाळण्यासाठी अलॅडिनपर्यंत जाण्याची गरज नाही. 'टीपाइप'मध्ये सिलेक्टपुढे 'इनमॉक' हे फंक्शन लिहून त्याला नकाशाची फाइल, विषुवांश आणि क्रांती द्यावी. 'निअरमॉक'ला अंशांतले अंतरही देता येते, म्हणजे कडेजवळचे समूह वेगळे काढता येतात.

प्रश्नकर्ती

दोन्ही मार्गांनी करून पाहिले. ऑर्डर ६ ला व्याप्ती नव्वद टक्क्यांजवळ आली आणि २८१ समूह आत पडले. पॉइंटिंगच्या तक्त्यावरून ऑर्डर १० ला २७७ आले. फरकाचे चारही समूह कडेवरचे निघाले: तीन दक्षिणेच्या काठावर आणि एक त्या वगळलेल्या तुकड्याच्या अगदी तोंडाशी. प्रकल्पात दुसरा आकडा घेत आहे.

उत्तर ३

त्या चार समूहांच्या जागी सर्वेक्षणाची प्रत्यक्ष प्रतिमा उघडून गोंगाट किती आहे ते पाहावे. चारच असल्याने अर्ध्या तासाचे काम आहे. आणि प्रबंधात २७७ या आकड्याशेजारी ऑर्डर व रेडियस दोन्ही लिहावेत, अन्यथा तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.