कुलचिन्ह, मानचिन्ह की आणखी काही?

प्रश्न: पंधराव्या शतकातल्या इटालियन सरदार-घराण्यांच्या व्यक्तिचित्रांवर लिहितो आहे. ढालीवरची नक्षी, गळ्यातली पदकं, बोधवाक्यं या सगळ्याला 'कुलचिन्ह' चालेल का? की 'राजचिन्ह' बरं?

– सरसकट 'कुलचिन्ह' नको. ते बापाकडून मुलाकडे येतं. इटलीतल्या उर्बिनो संस्थानाचा सत्ताधीश फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याचं मुलाबरोबरचं चित्र (साधारण 1475) उघडून बघा. हा गडी पूर्ण चिलखत चढवून पुस्तक वाचत बसलाय! डाव्या पायाला गुडघ्याखाली पट्टा आहे, तो इंग्लंडच्या राजाने दिलेला 'गार्टर' या सरदारी मंडळाचा मान. गळ्यातली अर्मिनची (मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याची) साखळी नेपल्सच्या राजाने दिलेली. दोन्ही 1474चे, कुळातून एकही आलेला नाही. त्यांना 'मानचिन्ह' म्हणा. त्यात फेदेरिको अनौरस. 1444मध्ये सावत्र भावाचा खून झाल्यावर गादी मिळाली. वारसाहक्काची बाजू लंगडी, म्हणूनच मिळालेले मान एवढे ठळक रंगवले असावेत, असं माझं मत. वंशाची बाजू चित्रात मुलगा सांभाळतो. मोत्यांनी मढलेला छोटा ग्विदोबाल्दो हातात राजदंड धरून बापाच्या गुडघ्याशी उभा आहे.

– 'मरातब' का नको? माही मरातब बादशहाकडूनच मिळायचा.

– अर्थ चपखल आहे, पण आज तो 'मानमरातब' असा जोडीनेच येतो. एकटा लिहिलात तर वाचक अडखळेल. 'राजचिन्ह' छत्र, चामर, राजदंड यांच्यापुरतं ठेवा.

– तिसरा प्रकार राहिलाच. माणूस स्वतःसाठी निवडतो ते चिन्ह आणि बोधवाक्य, इटालियनमध्ये 'इम्प्रेसा'. लिओनार्दोने काढलेल्या जिनेव्रा दे बेंची या फ्लॉरेन्सच्या बाईच्या चित्राची मागची बाजू बघा. मधे जुनिपरची डहाळी, तिच्या नावावरचा श्लेष (जुनिपर म्हणजे जिनेप्रो). दोन्ही बाजूंनी लॉरेल आणि खजुरीची झावळी. ही जोडी व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेंबो याची. तिच्या माहेरची नाही की सासरची नाही. इथे 'कुलचिन्ह' लिहिलंत तर बेंबोला नवराच करून टाकाल. मी 'बिरुदचिन्ह' वापरतो.

– 'देवक' कुणी सुचवण्याआधी सांगतो: देवक लग्नात बसवतात, पुजतात, मिरवायला ढालीवर काढत नाहीत.

– आणि अर्मिनला 'मुंगूस' लिहू नका. प्राणी वेगळा आहे, हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो. निष्कलंकपणाचा अर्थ त्या पांढऱ्या कातडीमुळेच चिकटला. सरळ 'अर्मिन' लिहा.