व्हीगनला मराठीत काय म्हणायचं? पाटीवरची एक ओळ अडलीये

आम्ही तिघांनी मिळून एक शॉर्टफिल्म केलीये, 14 मिनिटांची, पदरचे पैसे घालून, कॅमेरा मित्राचा आणि लाईट म्हणजे वाळवा तालुक्यात माझ्या मावशीच्या परसात सकाळी जेवढं ऊन येतं तेवढं. विषय म्हणजे मी दूध सोडल्यापासून घरात जे काय चाललंय ते. सगळं मराठीत आहे, पण मी 'व्हीगन' म्हटलं की मावशीला 'वॅगन' ऐकू येतं आणि पहिल्याच सीनमध्ये ती विचारते "मालगाडीचं काय काढलंस गं मधीच?" तो टेक तसाच ठेवलाय.

आता एडिट संपलंय आणि सुरुवातीच्या काळ्या पाटीवर एक ओळ हवीये, पिक्चर कशाबद्दल आहे ते सांगणारी, तिथे गाडी अडलीये. 'शाकाहारी' लिहिलं तर लोक म्हणणार त्यात काय एवढं, आम्ही पण शाकाहारीच, आणि समोर श्रीखंडाची वाटी. 'निरामिष' बरा वाटला होता, पण त्यातही दूध येतंच, शिवाय मराठीत आमिष म्हणजे मांस हे आता कुणाच्या लक्षात आहे? आमिष आपण फक्त पेपरात वाचतो, 'नोकरीचे आमिष दाखवून फसवणूक'. म्हणजे निरामिष जेवण म्हणजे ज्यात काही फसवाफसवी नाही असं जेवण, हाहा. 'वनस्पत्याहारी' बोलून बघा एकदा मोठ्याने. आणि वनस्पती म्हटलं की आईच्या पिढीला डालडाच आठवतो.

मोठी अडचण म्हणजे या सगळ्या शब्दांच्या शेपटीला आहार आहे. चामड्याची चप्पल, रेशमी साडी, मध, लोकर हे पण सोडायचं असतं ते कुठल्या शब्दात बसवू? 'व्हीगन जीवनशैली' लिहायचं नाहीये, ते साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद: आधी स्पेलिंग ठरवा. पेपरवाले व्हेगन लिहितात, काहीजण वेगन, उच्चार खरा वीगनच्या जवळ जातो. आणि हा शब्द इंग्रजीतही जुना नाही, 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी काढली तेव्हा व्हेजिटेरियनची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेऊन केला. म्हणजे त्यांनाही तुमचीच अडचण होती, की दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपण वेगळे कसे दाखवायचे. त्यांनी शब्दाचा मधला भाग गाळला. आपल्याला ते जमणार नाही, शाकाहारीचं 'शारी' होईल.

प्रतिसाद: 'शुद्ध शाकाहारी' कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. एक तर हॉटेलवर ती पाटी लावून आत पनीर बटर मसालाच मिळतो. आणि दुसरं म्हणजे तुम्ही शुद्ध झालात की बाकीचे आपोआप काय होतात ते आमच्यासारख्यांना भाड्याने खोली शोधताना चांगलं कळलेलं आहे. तुमचा विषय जनावरांचा आहे ना, मग त्याला सोवळ्याचा वास कशाला. (आणि जुनं सोवळं तर रेशमाचंच, तेही तुमच्यात चालत नाही.)

धागाकर्ती: एकदम पटलं. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, थँक्यू.

प्रतिसाद: आमच्याकडे मालवणात शिवराक आहे की. सोमवार म्हटलं की शिवराक, बाकीचे दिवस वशाट, म्हणजे मासे-मटण. अर्थात शिवराकात दूध चालतंच, पण गंमत बघा, वालीची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, सगळं नारळाच्या जिवावर, गाईचा थेंब नाही. आम्ही व्हीगन जेवतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रतिसाद: नारळाच्या दुधावरून आठवलं. 2021 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षेच्या खात्याने, ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं होतं की सोया, बदाम वगैरेंच्या पेयांना दूध म्हणू नका, पण नारळाच्या दुधाला सूट होती, कारण तो वापर जुनाच आहे. पुढे 2022 च्या नियमांत व्हीगन पदार्थांना वेगळं चिन्हही दिलं, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला पान. म्हणजे सरकारलाही हिरवा ठिपका पुरला नाही, कारण तो दुधाच्या पिशवीवरही असतो.

धागाकर्ती: दुधावरून विषय निघालाच आहे तर माझा दुसरा प्रॉब्लेम सांगते, तो खरं तर पहिल्यापेक्षा मोठा आहे. मित्र इंग्रजी सबटायटल करतोय आणि 'चीक' या शब्दावर तो तीन दिवस बसलाय. सीन असा आहे की गाय रात्री व्यायली, सकाळी मावशी चरवी घेऊन बसलीये, पहिली धार पिवळट, घट्ट, चरवीत आवाजसुद्धा वेगळा येतो, आणि वासरू दाव्याला ताणून उभं आहे. मावशी म्हणते, "चीक निघाला बघ, खरवस करूया." मग पुढच्या शॉटमध्ये तीच मावशी फणस चिरायला बसते आणि हाताला तेल लावताना म्हणते, "चीक लागंल गं, सांभाळून." आणि त्याच दुपारी गच्चीवर कुरडयांसाठी गव्हाचा चीक. हे आम्ही ठरवून नाही केलं, एडिटला बसल्यावर कळलं की एकाच दिवसात तिन्ही चीक आलेत. मराठी माणसाला हे ऐकूनच समजतं, इंग्रजीत तीन वेगळे शब्द पडतात आणि सगळी मजा जाते. मी म्हटलं तिन्ही ठिकाणी चीकच लिही, कळलं तर कळलं.

प्रतिसाद: मी सहा गाई सांभाळतो, संकलन केंद्रावर रोज दूध घालतो, त्यामुळे राग मानू नका पण विचारतो. तुमच्या पिक्चरमध्ये 'भाकड' हा शब्द आहे का? शहरातली पोरं दूध सोडायचं म्हणतात, पण भाकड गाय सात-आठ महिने नुसती पेंड खाते तेव्हा तिचा खर्च कोण करतो ते कुणी दाखवत नाही. कालवड झाली की घरात पेढे, गोऱ्हा झाला की सगळे गप्प, कारण गोऱ्ह्याचं करायचं काय? नांगराला आता ट्रॅक्टर आहे. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल विकणंही अवघड झालंय. हे सगळं दुधाच्या हिशोबातच येतं, पण रागावता आमच्यावर. बाकी शब्द काय पाहिजे तो घ्या.

धागाकर्ती: दादा, राग कसला, हेच तर पिक्चरमध्ये आहे. आठव्या मिनिटाला मावशीच्या गोठ्यातला गोऱ्हा आहे, त्याला अजून नाव नाहीये, बाकी सगळ्यांना नावं आहेत. मी मावशीला विचारते याचं नाव काय, ती म्हणते "त्याचं कशाला". एवढंच. त्यावर आम्ही म्युझिकपण टाकलं नाही. मावशीला व्हिलन करायचं नव्हतं, तिने मला याच दुधावर शिकवलंय. 'भाकड' मात्र नाहीये, आणि तुम्ही म्हणता तो हिशोब पण नाहीये, ते आमचं चुकलंच. आता परत शूट करायला पैसे नाहीत, पण मावशीच्या आवाजात एक वाक्य टाकता येईल.

प्रतिसाद: थोडं अवांतर. म्युझिक टाकलं नाही ते बरं केलं, ढोलकी-पखवाज घेतला असता तर तोही चामड्याचाच. आणि 'फिल्म' हा शब्द व्हीगनांनी जपून वापरावा! जुन्या फिल्मवरचा थर जिलेटिनचा असायचा, म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडं. फाळक्यांनी 1912 मध्ये 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवल मिळवायला एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ', कुंडीत वाटाणा लावून तो उगवताना महिनाभर थोडं थोडं शूट केलं होतं. स्वतःच्या खिशातून केलेला मराठी माणसाचा लघुपट, विषय वाटाणा, आणि छापलाय जिलेटिनवर. तुमच्या डिजिटलला तेवढा तरी दोष नाही.

धागाकर्ती: हे भारी आहे, मला माहीत नव्हतं. क्रेडिट्समध्ये वाटाण्याचे आभार मानावे म्हणते.

प्रतिसाद: लघुपटच लिहा पाटीवर, चांगला शब्द आहे. आणि खाली 'शेअर करा' लिहायचं असेल तर ते 'सामायिक करा' वालं भाषांतर करू नका हात जोडतो, सामायिक म्हटलं की आमच्याकडे विहीर आणि भाऊबंदकीच आठवते.

प्रतिसाद: नाम कशाला शोधताय, मराठीत अशा गोष्टीला आपण क्रियापद वापरतो. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय, दूध सोडलं. माळकरी माणसाने मटण सोडलेलं असतं, आजीने काशीला जाऊन फणस सोडलेला असतो. सोडणं म्हटलं की आहाराबरोबर चप्पल पण बसते, साडी पण बसते.

धागाकर्ती: अहो मावशी हेच म्हणाली होती आणि मी ते कापलंय! एक टेक आहे, पाहुणे आलेत, चहा टाकलाय, ती आतून ओरडते, "तिला कोरा द्या गं, तिनं काशीला न जाताच दूध सोडलंय." मागे कुकरची शिट्टी झाली म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला होता. आत्ता परत ऐकला, शिट्टी वाक्य संपल्यावर होतीये, चालण्यासारखं आहे. म्हणजे पाटी काळीच ठेवायची, काही लिहायचं नाही, आणि आधी हा आवाज. 'वॅगन' त्याच्या नंतर येईल. मित्राला मेसेज केलाय, तो म्हणतोय 'कोरा'ला इंग्रजीत काय लिहू.